उताणी चाल

उसाच्या हिरव्या रानात मधेच एक पिवळा डाग दिसला. बीदरहून हुमनाबादकडे निघालेली बस, भाद्रपदातलं चरचरीत ऊन, आणि खिडकीबाहेर तो डाग. माझ्या मागच्या बाकावरच्या माणसालाही तो दिसला असावा.

"हुमणी लागली बघ," तो शेजाऱ्याला म्हणाला.

"लागंल न्हाई तर काय. शेणखत टाकायलेत की लोकं. शेणातूनच येतंय ते."

मी मागं वळून त्या शेजाऱ्याकडे पाहिलं. डोक्याला उपरणं गुंडाळलेला, मांडीवर शेंगांची पिशवी धरलेला साधा माणूस. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तो सहज बोलला होता. लोक सहज बोलतात त्याचाच मला राग येतो. बाकी कशाचाही मी आवरू शकते.

भाद्रपद आला की माझं असंच होतं. मूग-उडदाची रास होऊन गेलेली असते, डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या शेंगांवरून गाड्या जात असतात, सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं, तूर कमरेला आलेली असते. बीदरचा तांबडा माळ उतरून काळ्या जमिनीत आलं की ओल्या मातीचा वास बदलतो. तो वास मला आवडायचा. आता त्या वासाबरोबर कडवट, डोक्यात जाणारा दुसरा एक वास आठवतो, आणि मी खिडकी लावून घेते.

हुमणी म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पांढरीफेक, बोटाएवढी जाड, अर्ध्या वळणात मुडपून पडलेली अळी. डोकं तांबूस, मागचा भाग काळपट, जणू आतली माती बाहेरून दिसतेय. जमिनीखाली राहून मुळ्या खाते. वरून ऊस हिरवा दिसतो, मग एक दिवस पिवळा पडतो, आणि हाताने नुसता ओढला तरी बेटासकट वर येतो. आमच्या गावात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बसस्टँडवर दखनी बोलतात. कन्नडमध्ये तिला गोण्णे हुळ म्हणतात, म्हणजे शेंबडाची अळी. दखनीत सफेद कीडा. तीन भाषांत तीन नावं, पण पांढरी, जाड आणि मुडपलेली जी काही अळी दिसेल ती सगळी त्या एकाच नावात जाते. शेतातली तीच, शेणातली तीच, कुजक्या लाकडातली तीच. भाषा तीन असून नजर एकच.

माझ्या मायची सगळी दुनिया एका उकंड्यात होती. आमची गल्ली गावाच्या कडेला, विहाराच्या मागं. तिथं गल्लीच्याही कडेला तिने खतासाठी खड्डा केला होता. आमच्या दोन म्हशी, आणि शिवाय ती गावभर फिरून बुट्टीने शेण गोळा करायची. त्यावर पालापाचोळा, उसाचं पाचट, चुलीतली राख, थर लावल्यासारखं सगळं रचायची. हिवाळ्यात सकाळी त्या ढिगातून वाफ निघायची. लहानपणी आम्ही हात शेकायला चुलीपाशी न जाता तिकडं जायचो. वर्षाअखेर ते खत काळंभोर, भुसभुशीत व्हायचं, मुठीत धरलं तरी हाताला शेणाचा वास यायचा नाही. गावातले शेतकरी ट्रॉली घेऊन यायचे. माझी फी, बीदरच्या वसतिगृहातलं जेवण, पुढं कलबुर्गीला एम. एस्सी.ला गेले तेव्हाचं सगळं सामान त्या ढिगातून आलं. आमच्या घरात पहिली पदवी मी घेतली. अप्पा तेव्हा हैदराबादला बांधकामावर असायचे. पदवीच्या दिवशी मायने माझा काळा झगा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "कापड चांगलं हाय. पण लई गरम होत आसंल." मला अजूनही तिच्या कष्टाचे आभार मानायला नीट शब्द सापडत नाहीत. म्हणून मी किड्यांबद्दल लिहिते.

ढिगात खोरं घातलं की त्या अळ्या निघायच्या. कोंबड्या धावत यायच्या, साळुंक्या विजेच्या तारेवर रांग लावून बसायच्या. कोंबड्यांच्या तावडीतून एखादी अळी सुटली की आम्ही पोरं ती सपाट फरशीवर ठेवायचो. ती उताणी व्हायची आणि पाय आभाळाकडे करून पाठीवर सरपटत निघायची. कुणी सरळ केली तरी परत उताणी. आम्हाला वाटायचं, हिला चालायचं कळत नाही. आम्ही हसायचो.

ती का उताणी चालते हे मला कलबुर्गीत कळलं.

तिथल्या प्रयोगशाळेत लाकडी पेट्या होत्या. झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा वास यायचा आणि टाचणीवर टोचलेल्या भुंगेऱ्यांच्या रांगा दिसायच्या. पहिल्या दिवशी मला ते सगळे एकच वाटले. तपकिरी, भुईमुगाच्या दाण्याएवढे, मे महिन्यात पाऊस शिंतडून गेला की संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर गर्दी करून पानं खाणारे. आमच्या मॅडम कन्नड, मी मराठी, आणि इंग्रजी दोघींचीही कामापुरती. त्यांनी माझ्यासमोर दोन भुंगेरे ठेवले.

"सांग, एक की दोन?"

"एकच जात आहे, मॅडम."

"मोदलु नोडु, आमेले हेसरु," त्या म्हणाल्या. आधी बघ, मग नाव.

मी भिंग घेऊन बघत बसले. मान दुखायला लागली. मग दिसलं. एकाच्या डोक्यामागं जी ढाल असते, तिच्या दोन्ही कडांना बारीक दाते होते, करवतीसारखे. दुसऱ्याची कड गुळगुळीत होती. नंतर पायाच्या नख्यांमधला फरक दिसला, मिशीच्या टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पात्यांची लांबी दिसली. तरी मॅडमचं समाधान होईना. शेवटची खात्री नराचा जननअवयव बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच करायची. वर्गातल्या मुली तोंडावर ओढणी धरायच्या. मॅडम न हसता म्हणायच्या, "बाहेरून भाऊभाऊ दिसतात. आत कुलूप वेगळं, किल्ली वेगळी."

अळ्यांचं शास्त्र तर आणखी बारीक. अळी उलटी धरायची आणि तिच्या ढुंगणाकडे बघायचं. सांगायला लाज वाटते, पण सगळी ओळख तिथं असते. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीला तिथं तीन फाट्यांची चीर असते, आमच्या गावच्या तिठ्यासारखी. शेणखतात राहणारीला एकच आडवी रेघ. त्या चिरेपुढं बारीक काटेरी केस असतात, ते कुणाचे ओळीत, कुणाचे विस्कटलेले, आणि सख्ख्या बहिणींसारख्या दोन जाती त्यावरून वेगळ्या काढता येतात. आणि उताणी चालते ती खतातली. तिचे पाय आखूड असतात, ती पाठीवरच्या केसांनी सरकते. ती कुजलेलं खाते आणि तिच्या पोटातून बाहेर पडतं ते खतच. तिचा भुंगा फुलांवर येणारा, चकचकीत असतो. लहानपणी आम्ही त्याच्याच पायाला दोरा बांधून उडवायचो.

त्या दिवशी मी मॅडमना म्हणाले, "आमच्या उकंड्यातली उताणीच चालते." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या आईने सांभाळलेलं पोर आहे ते." मला इतका आनंद झाला की संध्याकाळी मी एस.टी.डी.वाल्याच्या दुकानासमोरून नुसतीच दोनदा गेले. मायकडे तेव्हा फोन नव्हता.

त्याच वर्षीच्या भाद्रपदात मी सुट्टीला घरी आले होते.

बसवंतअण्णांचा ऊस पिवळा पडला होता. गावातले मोठे शेतकरी, शब्दाला वजन असलेले. उन्हाळ्यात त्यांनी मायकडून दोन ट्रॉल्या खत नेलं होतं. सकाळी ते, त्यांचा मुलगा मल्लिनाथ, खतं-औषधं विकणारा एक दुकानदार आणि कृषीवाले एक साहेब, असे सगळे आमच्या गल्लीत आले. त्या माणसांना आमच्या गल्लीत आलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मतं मागायलाही ते विहाराच्या अलीकडेच थांबत.

माय खोऱ्याने खत वरखाली करत होती. तिने पदर सारखा केला.

"कौशे," बसवंतअण्णा म्हणाले, "तुझ्या उकंड्यात हुमणी हाय का?"

"हाय की, अण्णा," माय म्हणाली. "लई हाय. खत चांगलं झालं की येतीच."

तिने हे अभिमानाने सांगितलं. तिच्या हिशेबी अळी म्हणजे खत पिकल्याची खूण होती. तिच्याकडे त्या अळीसाठी दुसरा शब्दच नव्हता, कारण गावाने तिला दुसरा दिलाच नव्हता.

"ऐकलंव का, साहेब?" बसवंतअण्णा वळून म्हणाले. "कबूल झाली."

माय गोंधळली. "काय कबूल झाले, अण्णा?"

"माझ्या रानात हुमणी कुठून आली म्हणून इचारायलाव आम्ही. तुझ्या खतातून आली."

मी पुढं गेले. मी सांगितलं की ही ती हुमणी नव्हे. ढिगातली एक अळी काढली, म्हशीच्या गोठ्याच्या फरशीवर ठेवली. ती उताणी होऊन चालायला लागली. "उसातली आणा एक," मी म्हणाले. "ती पोटावर चालेल. दोन्ही शेजारी ठेवा. माझ्याकडे भिंग आहे, ढुंगणावरची चीरही दाखवते. फक्त खाली बसून बघा."

साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. त्यांचे बूट नवे होते आणि खताच्या कडेला ओल होती. ते उभ्यानेच म्हणाले, "ताई, अळी ती अळी. पांढरी आहे, जाड आहे. पुस्तकातलं पुस्तकात ठेवा."

दुकानदार हसला. "उताणी चालली काय, पालथी चालली काय, खाती तर मुळ्याच."

"बघितल्याशिवाय तुम्ही कसं म्हणताय?"

"आमी काय किड्याचं ढुंगण बघत बसू काय?" मल्लिनाथ म्हणाला, आणि सगळे हसले. तो माझ्याच वयाचा होता. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि गणितं माझ्याकडून उतरवून घ्यायचा.

"तुमचं समद्याचं सारखंच," बसवंतअण्णा मायला म्हणाले. ते अळीबद्दल बोलत होते की आमच्याबद्दल, ते त्यांनाच माहीत. "गल्लीतलं खत गल्लीत ठेवा. आन् आधी ह्यो उकंडा साफ करा. न्हाई तर पुऱ्या शिवारात हुमणी सुटंल."

दुकानदाराने दाणेदार औषधाची पिशवी सोबतच आणली होती. म्हणजे निकाल घरूनच ठरवून आले होते. उकंडा आमचा म्हणून टाकायचंही आम्हीच, असं ठरलं. मी पिशवीला हात लावला तर माय म्हणाली, "तू सरक. तुला शिकायला जायचंय." तिने पदर नाकाला बांधला आणि उघड्या हाताने ते दाणे आपल्याच ढिगावर पेरले, पेरणीला पेरतात तसे, मूठ मोकळी सोडत. ते चौघं लांब उभे राहून बघत होते. किड्याकडे बघायला ज्यांना वाकता आलं नाही, त्यांना एक बाई स्वतःचं काम मारताना बघायला वेळ होता.

तो कडवट वास कितीतरी दिवस गल्लीत राहिला. कोंबड्या बांधून ठेवाव्या लागल्या. साळुंक्या तारेवर येऊन बसायच्या, खाली बघायच्या आणि उडून जायच्या. अळ्या वर येऊन मेल्या, पांढऱ्याच्या काळ्या झाल्या. सगळ्या उताण्या. मायचे हात आठवडाभर चुरचुरत होते. ती त्यांना खोबरेल तेल लावायची आणि मला म्हणायची, "व्हय म्हणाले गं मी. माझ्या तोंडानं व्हय म्हणाले." त्या वर्षावासात विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं. ती भिंतीला टेकून बसायची, ऐकायची, आणि मधेच आपल्या हातांकडे बघायची. खत विकायचं तिने बंद केलं. तिला घेणारंही कुणी राहिलं नव्हतं. कौशीच्या खतात हुमणी असते हे शिवारभर झालं होतं.

एक गोष्ट मी नीट सांगायला हवी, नाही तर मीही त्यांच्यासारखीच होईन. कच्चं, न कुजलेलं शेण टाकलेल्या रानात हुमणी जोर धरते, हे आम्हीही शिकलो. खत पिकवूनच टाकावं हा सल्ला खरा आहे. पण मायचं खत पिकलेलं होतं, आणि ते पिकवणारीच तर ती उताणी अळी होती. ह्या दोन वाक्यांमधला फरक समजायला पदवी लागत नाही. फरशीवर एक अळी ठेवायला लागते, आणि ती जरा पुढं सरकेपर्यंत गप्प बसायला लागतं.

त्यांना फरक करता येत नव्हता, असं कुणी मला सांगू नये. माझ्या ह्या मुलखातल्या माणसांइतके बारीक फरक कुणी करत नसेल. बसमध्ये शेजारी बसलेली बाई गावाचं नाव विचारते, मग गल्लीचं, मग आडनाव, आणि तेवढ्यात तिची पाण्याची बाटली माझ्या बाजूने पलीकडच्या बाजूला जाते. भिंगाशिवाय. टाचणीशिवाय. नोकरी लागल्यावर बीदरमध्ये खोली बघायला गेले तेव्हा एका घरमालकाने माझ्या कपाळाकडे, गळ्याकडे, भिंतीवर कुणाचा फोटो लावणार ह्या प्रश्नाच्या उत्तराकडे असं काही पाहिलं, की आमच्या मॅडमही एखाद्या भुंगेऱ्याकडे इतकं निरखून पाहत नसतील. माणसाची जात ओळखायला ह्यांना केसाएवढी खूण पुरते. आणि शेतात ऊस मरत असताना दोन अळ्या वेगळ्या ओळखायच्या म्हटलं, की अळी ती अळी.

पुढच्या भाद्रपदात बसवंतअण्णांचा ऊस परत पिवळा पडला. त्या वर्षी त्यांच्या रानात शेणाचा कणही गेला नव्हता. नुसतं पोत्यातलं खत होतं. त्यांच्याच बांधावरच्या कडुलिंबांवर मे महिन्याच्या संध्याकाळी भुंगेऱ्यांची गर्दी असायची, ते मी येता-जाता पाहिलं होतं. एक फांदी हलवली असती आणि खाली रॉकेल टाकलेल्या पाण्याचं घमेलं धरलं असतं, तर निम्मं काम झालं असतं. कुणी हलवली नाही. आणि आमच्या गल्लीत येऊन कुणी म्हणालंही नाही की कौशाबाई, आमचं चुकलं. चूक झाल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. तपासलंच नाही तर कळणार कसं?

आता मी बीदरमध्ये कॉलेजात शिकवते. दरवर्षी नव्या पोरापोरींपुढं दोन भुंगेरे ठेवते आणि विचारते, एक की दोन. मुलं पटकन म्हणतात, एक. मी चिडते. त्यांना वाटतं, मॅडम उगाच चिडतात.

मायने मधली काही वर्षं नुसत्या म्हशी सांभाळल्या. मग मीच मागं लागले. अप्पाही हैदराबादहून कायमचे परत आले होते. त्या दोघांनी जुना खड्डा सोडून नव्या जागी ढीग घातला. आधी घरच्या परसापुरता, मग गल्लीपुरता. अळ्या आपोआप आल्या. त्या कुठून येतात, हे मी पुस्तकातून सांगू शकते. पण त्या दिवशी मायने मला फोनवर, "आली गं," एवढंच सांगितलं, आणि मला त्याहून जास्त काही जाणून घ्यायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात तिचा परत फोन आला. "मल्लिनाथ यायलाय रविवारी. खत मागायलाय."

"कामून? त्याच्या दुकानदाराकडचं संपलं काय?"

"जमीन दगडावानी झाली म्हणायलाय. तू येतीस का?"

म्हणून मी त्या बसमध्ये होते.

मी पोचले तेव्हा मल्लिनाथची गाडी विहारापाशी उभी होती. बसवंतअण्णा आता अंथरुणावर आहेत, शेती हाच बघतो. केस मागं गेले आहेत. मला बघून तो हसला. "काय मॅडम, बरं हाय न्हवं?" मी मान हलवली. राग इतका जुना झाला की त्याला तोंडावर यायलाही वेळ लागतो.

"काकू," तो मायला म्हणाला. मी कान टवकारले. काकू. त्या वर्षी ह्याच्या घरात मायला नुसतं कौशी म्हणायचे. "काकू, खत एकदम चांगलं दिसायलंय. दोन ट्रॉल्या लागतील. फक्त एकच इचारायचं होतं, वाईट वाटून घेऊ नका. ह्यात हुमणी न्हाई न्हवं?"

मला वाटलं, माय नाही म्हणेल. किंवा गप्प बसेल, ती त्या वर्षापासून गप्पच बसत आली होती. माझ्या पर्समध्ये भिंग होतं. मी पर्सची चेन उघडली.

मायने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने हाताने ढीग उकरला, एक अळी काढली आणि भाकरीच्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण उलटं करून जमिनीवर, खताच्या अगदी कडेला ठेवलं. त्यावर ती अळी ठेवली.

"बसा," ती म्हणाली.

मल्लिनाथने इकडंतिकडं पाहिलं. खुर्ची नव्हती. "दिसायलंय की हितूनच, काकू."

"हितून न्हाई दिसत. खाली बसा."

तो पँट वर ओढून उकिडवा बसला. त्याचे बूट खतात रुतले. खिशातला फोन वाजला, त्याचा हात तिकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या फोन," माय म्हणाली. "आधी चालू द्या तिला. मग नाव ठेवा."

आम्ही तिघं त्या झाकणाकडे बघत राहिलो. अळी थोडा वेळ मुडपून पडली होती. मग तिने अंग सैल केलं, पाठीवर झाली, पाय आभाळाकडे केले आणि सरकत सरकत झाकणाच्या कडेकडे निघाली.

"काकू," मल्लिनाथ म्हणाला, "ही तर उताणी चालायलीय."

"व्हय," माय म्हणाली. "त्या वर्षीबी उताणीच चालायली होती."